दाव्यात न लिहिलेलं भांडण

मंडळी, मी दिवाणी कोर्टात वकिली करतो आणि तिथल्याच मध्यस्थी केंद्रात मध्यस्थ म्हणून बसतो. भांडण म्हटलं की युद्धापासून सासू-सुनेपर्यंत सगळंच आलं. मी मात्र आज बांधावरच बोलणार आहे. आपल्या तालुक्यात सर्वात जास्त घरं त्याने दुभंगलेली मी पाहिली आहेत.

बांधाच्या भांडणात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "त्याने बांध कोरला." नांगराचं एक तास, म्हणजे एक ओळ, यंदा इकडे, एक पुढच्या वर्षी. असं होतंही. पण पुष्कळदा कोणीच काही कोरलेलं नसतं, गोंधळ कागदात असतो. 1947 साली तुकडेबंदी आणि तुकडेजोडीचा कायदा झाला. पुढे गावोगाव एकत्रीकरण योजना राबवली गेली, विखुरलेले तुकडे जोडून नवे गट पाडले. कागदावर जमिनींची अदलाबदल झाली, पण कितीतरी ठिकाणी माणसं आपल्या जुन्याच तुकड्यावर पेरत राहिली. आजोबांना त्याचं काही वाटलं नाही. नातू कर्जासाठी सातबारा काढतो, मोजणी मागवतो, भूकरमापक येऊन खुणा दाखवतो, आणि कळतं की आपण कसतोय ती जमीन चुलत्याच्या नावावर आहे आणि आपल्या नावावरची तो कसतोय. त्या दिवसापासून दोन्ही घरं एकमेकांना चोर म्हणू लागतात. चोर दोघांतला एकही नसतो.

हे ओळखूनच सरकारने 2023 साली सलोखा योजना आणली. एकाच्या नावावरची जमीन दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याची पहिल्याकडे, असा ताबा किमान बारा वर्षं असेल आणि दोघांची संमती असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क फक्त 1,000 रुपये आणि नोंदणी फी 1,000 रुपये. अर्ज करण्याआधी मुदत आणि अटी तहसीलमध्ये विचारून घ्या. माझं म्हणणं एवढंच की समोरच्याची नियत तपासण्याआधी कागद तपासा. जुने फेरफार काढा, एकत्रीकरणाचा उतारा काढा. वकिलाची नोटीस नंतरही धाडता येते.

कागद स्वच्छ असूनही भांडण असतं, तेव्हा काय करायचं? मध्यस्थीत ऐकलेलं बाहेर बोलायचं नसतं, म्हणून तपशील बदलून सांगतो. दोन चुलतभाऊ. धाकट्याच्या शेतात ऊस, पण बाहेर पडायला वाट नाही. वाट थोरल्याच्या रानातून. थोरला म्हणतो, "जीव गेला तरी वाट देणार नाही." समोरासमोर बसवलं तर वाटेवर कोणी बोलेना, कोणाच्या लग्नात कोणाला मान दिला नाही तेच निघत राहिलं. मग दोघांना वेगवेगळं बसवलं. थोरल्याला विचारलं, "दादा, वाट दिली तर तुमचं नेमकं काय जाईल?" बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "आज वाट दिली की उद्या नोंद होईल, परवा रुंद होईल. माझा कांदा उभा असताना ट्रॅक्टर जाईल. आणि सामाईक विहिरीची माझी पाळी तो खातो, ते कुणीच विचारत नाही."

विहीर दाव्यात कुठेच नव्हती. महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतात, दिलीही असती. पण विहिरीची पाळी त्या आदेशात आली नसती, आणि वाटेवर रोज तंटा झाला असता. अर्जात जे मागितलं त्यावर निकाल मिळतो. भांडणाचं मूळ पुष्कळदा अर्जाबाहेर असतं आणि तिथपर्यंत फक्त ती दोन माणसंच पोचू शकतात. त्या दोघांनी शेवटी ठरवलं: वाट बांधाच्या कडेने, ट्रॉली जाईल एवढीच, ऊसतोडीच्या हंगामात, आणि विहिरीच्या पाळ्यांचे वार लिहून.

निकालाने सगळं सुटत नाही, हे मला गांधीजींच्या पहिल्या मोठ्या खटल्यात दिसतं. 1893 साली ते दादा अब्दुल्ला यांच्या कामासाठी दक्षिण आफ्रिकेत गेले. दावा होता तय्यब शेठवर. दोघे नातलग, एकाच शहरातले व्यापारी. गांधीजींनी दोघांना लवादाकडे जायला राजी केलं आणि दादा अब्दुल्ला जिंकले. पण एवढी रक्कम एकदम भरायची तर तय्यब शेठचं दिवाळं निघणार होतं. लवादाचा निर्णय तिथे संपला होता. गांधीजींनी मात्र आपल्याच अशिलाची मनधरणी केली आणि लांब मुदतीचे हप्ते बांधून घेतले. लवादाला राजी करण्यापेक्षा हे अवघड गेलं, असं त्यांनी आत्मकथेत लिहिलंय. जिंकलेल्या माणसाला थांबायला सांगणं किती कठीण असतं, ते आम्हा वकिलांना विचारा.

15 ऑगस्ट 2007 ला आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तिच्या नावात गांधीजी उगाच नाहीत. गावाच्या पारावर तंटे मिटावेत हा विचार मला मनापासून पटतो. पण एक गोष्ट ठणकावून सांगतो: सगळंच मिटवायचं नसतं. बाईवर अत्याचार झाला, जातीवरून कोणाला मारलं, तर ते प्रकरण गावच्या तंटामुक्ती समितीचं नाही, पोलीस ठाण्याचं आहे. गावाची बदनामी होईल म्हणून तिला गप्प बसवणं याला मी समेट म्हणणार नाही. दोन्ही बाजूंना "नाही" म्हणायची मोकळीक असेल, तरच तिथे बोलणं होऊ शकतं.

आणि मिटलं, की लिहून घ्या. पारावरच्या टाळ्या पुढच्या पेरणीपर्यंत टिकत नाहीत. मोजणीची फी कोण भरणार, खुणांचे दगड कधी बसणार, तारखेसह लिहा. कोर्टात दावा असेल तर लोकअदालतीत ठेवा. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

सह्या करताना अजून एक पाहा. भाऊ-भाऊ मिटवतात, पेढे वाटतात, आणि सातबाऱ्यावर बहिणीचं नाव असतं. तिला बोलावलेलंच नसतं, किंवा तयार हक्कसोडपत्रावर सही घ्यायला बोलावलेलं असतं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. तिला पहिल्या बैठकीपासून बसवा, तिलाही विचारा की तिला काय हवंय. कधी ती हिस्सा मागेल, कधी फक्त दिवाळीला माहेरचं दार उघडं मागेल. काय मागायचं ते तिनेच ठरवायचं, भावांनी नाही.