डोकी मोजणारं पाणी

[दृश्य: शेजारीशेजारी दोन काचपात्रं. दोन्हींच्या कडेने बर्फाचे बारीक कण धरू लागलेत. कॅमेरा तापमापीवर.]

निवेदन:

दोन काचपात्रं, प्रत्येकात एक किलो पाणी. डावीकडे 34 ग्रॅम साखर विरघळवली आहे. उजवीकडे युरिया, तोही फक्त 6 ग्रॅम. दोन्ही पात्रं हळूहळू थंड करत नेली. शुद्ध पाणी 0 अंश सेल्सियसला गोठतं. ही दोन्ही द्रावणं त्याच्या किंचित खाली, उणे 0.19 अंशाच्या आसपास गोठायला लागतात, आणि दोघांचा काटा थांबतो तो जवळपास एकाच जागी.

साखर आणि युरिया यांच्यात साम्य शोधायला गेलं तर फारसं हाती लागत नाही. रेणूंची रचना वेगळी, आकार वेगळा. वजनाचं म्हणाल तर डावीकडे जवळजवळ सहापट माल पडलाय. सारखी आहे ती फक्त रेणूंची संख्या. रेणू मोजायचं माप म्हणजे मोल, रेणूंची एक ठरलेली मोठी संख्या. साखरेचा एक मोल म्हणजे 342 ग्रॅम, युरियाचा 60 ग्रॅम. दोन्ही पात्रांत एक दशांश मोल आहे: सहावर बावीस शून्यं, इतके रेणू.

रसायनशास्त्र एरवी सतत विचारत असतं, की हा पदार्थ कोण, कशाशी संयोग पावतो, कशापासून दूर राहतो. इथे तो प्रश्नच नाही. डोकी मोजायची, नावगाव विचारायचं नाही. अशा गुणधर्मांना कॉलिगेटिव्ह गुणधर्म म्हणतात. ते चार आहेत: बाष्पदाब कमी होणं, उत्कलनबिंदू वाढणं, गोठणबिंदू खाली जाणं आणि परासरण दाब. पाठ्यपुस्तकात या चौघांची चार सूत्रं एकाखाली एक येतात आणि मुलं ती पाठ करतात. आमच्या मते तिथेच सगळी मजा निघून जाते, कारण चारही सूत्रांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे.

[दृश्य: अ‍ॅनिमेशन. बर्फाचा पृष्ठभाग, त्यावर येणारे-जाणारे पाण्याचे रेणू.]

बर्फाच्या पृष्ठभागावर सतत ये-जा चालू असते. काही रेणू बर्फातून सुटून पाण्यात येतात, काही पाण्यातून येऊन बर्फाला चिकटतात. 0 अंशाला हा हिशेब बरोबर जुळतो. आता पाण्यात साखर टाका. बर्फात साखरेला जागा नाही; बर्फ बनतो तो निव्वळ पाण्याचा. बर्फातून सुटणारे तेवढेच राहतात, पण त्याला येऊन चिकटू शकणारे पाण्याचे रेणू थोडे विरळ झालेले असतात. हिशेब बिघडतो आणि बर्फ वितळू लागतो. तो पुन्हा जुळवायचा तर तापमान आणखी खाली न्यावं लागतं. त्या विरळपणाला साखर कारण आहे की युरिया, याने काही बिघडत नाही.

आपल्या पात्रात पाण्याच्या साधारण 555 रेणूंमागे परका रेणू एक. इतक्या तुरळक गर्दीचा परिणाम तापमापीवर दिसतो, याचंच खरं नवल.

[दृश्य: तराजूवर साखर, मग मोजपात्रात पाणी.]

गर्दी किती आहे हे सांगायचं माप म्हणजे संहती. एक लिटर द्रावणात किती मोल, ते सांगते मोलॅरिटी. एक किलो द्रावकात, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवात, किती मोल, ते सांगते मोलॅलिटी. नावं इतकी सारखी, की परीक्षेत हमखास घोळ होतो. पण दोन मापं ठेवायला कारण आहे. द्रावण तापलं की फुगतं आणि लिटरचा हिशेब सरकतो. किलो जागचा हलत नाही. इथे तर तापमानाशीच खेळ आहे, म्हणून गोठणबिंदू आणि उत्कलनबिंदूच्या गणितात मोलॅलिटी वापरतात. एक किलो पाण्यात एक मोल द्राव्य असेल तर गोठणबिंदू 1.86 अंशांनी उतरतो. उत्कलनबिंदू मात्र जेमतेम अर्ध्या अंशाने चढतो.

आणि गर्दी हवी तेवढी वाढवता येत नाही. 100 ग्रॅम पाण्यात, 25 अंशाला, सुमारे 36 ग्रॅम मीठ विरघळतं. पुढे टाकाल ते तळाशी बसतं. द्रावण संपृक्त झालं. तळाशी सगळं निवांत दिसतं, पण तसं नसतं. कडा मोडलेला स्फटिक संपृक्त द्रावणात लटकवून ठेवला, तर काही दिवसांनी त्याचं वजन तेवढंच राहतं आणि मोडलेली कड मात्र भरून येते. जितकं विरघळतं तितकंच परत बसतं, फक्त त्याच जागी बसत नाही.

तापवलं की जास्त विरघळतं, हा सर्वसाधारण समज. मिठाला तो फारसा लागू नाही: पाणी 100 अंशाला नेलं तरी 36 चे जेमतेम 39 ग्रॅम होतात. पोटॅशियम नायट्रेट मात्र 0 अंशाला 13 ग्रॅमच्या आसपास विरघळतं आणि 100 अंशाला 240 ग्रॅमच्याही वर जातं. चुन्याची निवळी उलट्या वाटेने जाते, तापवली की गढूळ होते. वायूंचंही उलटंच. 0 अंशाच्या एक लिटर पाण्यात हवेतला ऑक्सिजन 14.6 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशाला जवळजवळ निम्मा.

[दृश्य: काचेच्या नळीत लांब पाऱ्याची तापमापी. बोट नळीवर हलकेच टिचकी मारतं.]

आता पुन्हा गोठणबिंदूकडे. 1788 साली इंग्लंडमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी नोंदवलं होतं, की मीठ जितकं जास्त तितका गोठणबिंदू त्याच प्रमाणात खाली. पण मोल ही कल्पनाच तेव्हा नव्हती. ती हाताशी आल्यावर, 1880 च्या दशकात, फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे फ्रांस्वा-मारी राऊल्ट यांनी एकामागून एक सेंद्रिय पदार्थ पाण्यात विरघळवून मापं घेतली आणि डोकी मोजण्याचा नियम उघड झाला.

हे माप घेणं सोपं नाही. बेकमन तापमापीवर सगळी मिळून पाच-सहा अंशांचीच पट्टी असते, प्रत्येक अंशाचे शंभर भाग. खाली पाऱ्याचा टपोरा फुगा. वाचन घेण्याआधी नळीवर टिचकी मारायची, कारण पारा काचेला धरून बसतो. द्रावणही फसवतं. गोठणबिंदू ओलांडून ते खाली जातं तरी द्रवच राहतं. पहिला स्फटिक पडला की पारा झटकन वर येतो. खरं वाचन त्यानंतरचं.

राऊल्टच्या नियमात साखर बसली, युरिया बसला. मीठ बसेना. एक किलो पाण्यात एक दशांश मोल मीठ, म्हणजे 5.85 ग्रॅम, टाकलं तर 0.19 अंशाची उतरण अपेक्षित होती. प्रत्यक्षात येते 0.35, दुपटीला जरा कमी. डच रसायनशास्त्रज्ञ जेकोबस व्हान्ट हॉफ यांनी परासरण दाबाच्या आपल्या समीकरणात अशा पदार्थांसाठी एक गुणक घातला. आकडे जुळले, पण गुणक का लागतो ते कळलं नव्हतं.

उत्तर स्वीडनच्या स्वांते अर्‍हेनियस यांच्याकडे होतं. 1884 साली उप्साला विद्यापीठात त्यांच्या प्रबंधाला अगदी बेताची श्रेणी मिळाली होती. 1887 मध्ये त्यांनी ठामपणे मांडलं: मीठ पाण्यात पडताच फुटतं, एका कणाचे दोन होतात, सोडियम आयन आणि क्लोराइड आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण. जुन्या मंडळींनी विचारलं, पाण्यात सोडियम मोकळा असेल तर भडका का उडत नाही, क्लोरीनचा वास का येत नाही? प्रश्न चुकीचा नव्हता. आयन आणि अणू यांतला फरक अजून कुणाच्या अंगवळणी पडायचा होता. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल 1901 मध्ये व्हान्ट हॉफना मिळालं, 1903 चं अर्‍हेनियसना. मिठाची उतरण पूर्ण दुप्पट का नाही, हे मात्र 1923 मध्ये डिबाय आणि ह्युकेल यांनी सोडवलं: उलट्या भाराचे आयन एकमेकांना पुरते मोकळे सोडत नाहीत.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या रक्तपेशी. शुद्ध पाण्यात त्या फुगून फुटतात.]

चार कॉलिगेटिव्ह गुणधर्मांत सगळ्यात ताकदवान आहे परासरण दाब. आपलं सुरुवातीचं साखरेचं द्रावण गोठणबिंदू हलवतं एक पंचमांश अंशाने. तेच द्रावण अर्धपार्य पटलाच्या, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या पण साखर अडवणाऱ्या पडद्याच्या, एका बाजूला ठेवा, दुसऱ्या बाजूला शुद्ध पाणी. पाणी साखरेकडे धाव घेतं, आणि ते रोखायला 25 अंशाला सुमारे अडीच वातावरण दाब लागतो. एवढ्या दाबावर पाण्याचा 25 मीटर उंच स्तंभ तोलला जातो.

असे दाब विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1877 मध्येच मोजून ठेवले होते. ह्यूगो द व्ह्रीस या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते व्हान्ट हॉफच्या कानावर घातले आणि त्यांच्या लक्षात आलं, की द्रावणातली साखर वायूच्याच समीकरणाने दाब देते.

शिरेतून देण्याच्या द्रावणांमागे हेच गणित आहे. लिटरला 9 ग्रॅम मीठ किंवा 50 ग्रॅम ग्लुकोज. वजनं इतकी वेगळी, कणांची संख्या मात्र जवळपास सारखी, आणि रक्तातल्या कणांशी जुळणारी. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब असतो 25 ते 27 वातावरण. त्यातून गोडं पाणी काढणारे पंप त्याच्या दुपटीहून अधिक दाब देतात.

[दृश्य: अंटार्क्टिकाचा समुद्र, बर्फाखाली पोहणारा मासा.]

क्षारांमुळे समुद्र गोठतो साधारण उणे 1.9 अंशाला. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळचं पाणी तितकं थंड असतं आणि त्यात मासे असतात. सर्वसाधारण सागरी माशाच्या रक्तातले सगळे कण मोजले, तर ते उणे 1 अंशाच्या आतच गोठायला हवं. इथल्या माशांचं गोठत नाही. 1960 च्या दशकात त्यांच्या रक्तात खास प्रथिनं सापडली. त्यांची संख्या या हिशेबात नगण्य आहे. ती बर्फाच्या अगदी इवल्या स्फटिकाच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि त्याला वाढू देत नाहीत. इथे कण किती, यापेक्षा तो कोण आणि कोणत्या आकाराचा, हेच ठरवतं. म्हणूनच अशा रक्ताचा गोठणबिंदू आणि त्यातल्या बर्फाचा वितळणबिंदू वेगळे पडतात: रक्त गोठतं प्रथिनांच्या मर्जीने, पण त्यातला स्फटिक वितळतो तो जवळजवळ राऊल्टच्याच हिशेबाने.