भाव उभ्या अक्षावर

(दृश्य: पहाट. जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातला केळीचा मळा. आधी कोयत्याचा आवाज, मग माणसं दिसतात.)

ही फिल्म केळीच्या मळ्यातून अर्थशास्त्राच्या वर्गात जाते. सकाळचे सहा. कापणीची टोळी मळ्यात शिरून अर्धा तास झालाय. एकजण कोयत्याने झाड वाकवतो, दुसरा घड खांद्यावर झेलतो, तिसरा बांधापर्यंत पोचवतो. दांड्यातून चीक गळत राहतो. सदऱ्यावर त्याचा डाग पडला की तो सदरा कायमचा मळ्याचा होतो. बांधावर केळीच्याच पानांचं अंथरूण आहे आणि त्यावर घडांची रांग वाढत चालली आहे.

मळ्याच्या मालकाची मुलगी इथंच उभी आहे, पाठीला दप्तर लावून. ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. आज पहिला तास सूक्ष्म अर्थशास्त्राचा.

निघता निघता वडील विचारतात, "नवतीचा काय भाव निघाला, पाहिलं का?"

तिनं मोबाईलवर पाहिलेलं असतंच. नवती म्हणजे नव्या लागवडीची केळी. पिलबाग म्हणजे त्याच खोडाच्या पिलांवर घेतलेलं पुढचं पीक. वापसी म्हणजे निवडून मागे राहिलेला माल. तिन्हींचे भाव वेगळे. पूर्ण स्पर्धेच्या, म्हणजे असंख्य विक्रेते आणि ग्राहक असलेल्या बाजाराच्या प्रकरणात 'एकजिनसी वस्तू', म्हणजे सगळ्यांचा माल अगदी सारखा, असं एक गृहीतक असतं, आणि ते समजावताना वर्गात बराच वेळ जातो. ही मुलगी लहानपणापासून ते पाहते आहे. नवतीचा भाव नवतीला, वापसीचा वापसीला.

(दृश्य: एसटीची खिडकी. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर महामार्ग. उजवीकडे सातपुडा.)

रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा. या रस्त्याला लागून जेवढी केळी आहे, तेवढीच कॉलेजात जाणारी मुलंही आहेत. आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या 3 जिल्ह्यांसाठी जळगावला 15 ऑगस्ट 1990 रोजी स्वतंत्र विद्यापीठ आलं. त्याआधी इथली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. 2018 मध्ये या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव मिळालं. शेतीवर बोलणारी, कधी शाळेत न गेलेली एक बाई या विद्यापीठाचं नाव झाली आहे. हे इथं मुद्दाम सांगावंसं वाटतं.

(दृश्य: वर्ग. फळा. खडूने दोन रेघा, एक उभी, एक आडवी.)

उभ्या रेघेवर किंमत, आडव्या रेघेवर नग. आकृतीचं पहिलं कोडं इथंच पडतं. बारावीला गणित घेतलेली मुलं हात वर करतात. गणितात जे आधी बदलतं ते आडव्या अक्षावर असतं. किंमत बदलली म्हणून मागणी बदलते, तर किंमत आडव्या अक्षावर नको का? प्रश्न बरोबर आहे. पण इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 च्या आपल्या ग्रंथात किंमत उभी मांडली, आणि तेव्हापासून जगभरचे फळे तसेच आखले जातात. सर हे उत्तर देतात आणि पुढे जातात. हे उत्तर दिलं नाही, तर मूल वर्षभर आकृती पाठ करतं, वाचत नाही.

मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे उतरतो, पुरवठ्याचा चढतो. जिथे छेदतात तिथे समतोल किंमत. मार्शल यांनी कात्रीची उपमा दिली होती. कागद वरच्या पात्याने कापला की खालच्या, हा वाद जसा व्यर्थ, तसंच किंमत मागणी ठरवते की पुरवठा, हे भांडणही व्यर्थ.

पुस्तकातलं उदाहरण सफरचंदाचं आहे. सर पुस्तक मिटतात. प्रमाण मराठीही थोडा वेळ बाजूला ठेवतात. इथल्या बोलीत 'केळी'ची 'केयी' होते आणि मागच्या बाकावरची मुलं पुढे वाकतात. हे चित्रीकरण करताना आम्ही कॅमेरा हलवला नाही. तो क्षण आहे तसा पाहा.

(दृश्य: फळ्यावर दोन चौकोन. आवाज फक्त खडूचा.)

आता सरांनी मांडलेला हिशोब. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा, एका वर्षी बाजारात 100 क्विंटल माल आला आणि भाव 1500 रुपये मिळाला. एकूण दीड लाख. पुढच्या वर्षी पीक भरघोस आलं. 120 क्विंटल माल झाला, भाव 1000 वर आला. एकूण 1 लाख 20 हजार. आकृतीत हे दोन चौकोन होतात. पहिला उंच आणि अरुंद, दुसरा बुटका आणि रुंद. दुसऱ्याचं क्षेत्रफळ कमी भरतं.

किंमत 33 टक्क्यांनी उतरली, तेव्हा मागणी वाढली फक्त 20 टक्के. 20 भागिले 33 म्हणजे साधारण 0.6. मागणीची लवचीकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते ते माप, एकपेक्षा कमी. "माल बक्कळ झाला नि पैसा कमीच झाला," हे वाक्य या वर्गातल्या जवळपास प्रत्येक मुलाने घरी जेवताना ऐकलेलं आहे. आज त्याला आकृती मिळाली. आमच्या मते पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम इथून सुरू व्हायला हवा. अर्थशास्त्राची व्याख्या दुसऱ्या आठवड्यात आली तरी चालेल.

मग तो प्रश्न येतो, जो आम्ही येईल म्हणून वाट पाहत होतो. एक मुलगा विचारतो, "सर, मग आम्ही कमीच काढायची ना केळी?"

सर त्याला फळ्याकडे बोलावतात. संपूर्ण बाजाराचा मागणी वक्र उतरता आहे, पण तुझ्या एकट्याच्या मळ्यापुरता काढ. मुलगा थांबतो, विचार करतो, आणि आडवी सरळ रेघ काढतो. त्याने 10 घड कमी कापले काय, 10 जास्त कापले काय, भाव तोच. पुस्तकात याला किंमत स्वीकारणारा म्हणतात. त्याने कमी कापली तर त्याचंच नुकसान, बाजाराला पत्ता लागत नाही.

आणि थांबायचं म्हटलं तरी किती थांबणार? घड भरला की झाडावर फार दिवस ठेवता येत नाही. म्हणून आजच्या दिवसापुरता पुरवठ्याचा वक्र जवळजवळ उभा. अति अल्पकाळाचं, म्हणजे पुरवठा बदलायला वेळच नसतो तेव्हाचं, हे प्रकरण समजावताना मार्शल यांनी मासळीबाजाराचं उदाहरण घेतलं होतं. रावेरच्या मुलांना मासळीपर्यंत जायची गरज पडत नाही.

(दृश्य: नंदुरबार. लाल मिरचीची पथारी, क्षितिजापर्यंत. बायका देठ खुडताना.)

याच्या उलट बाजू पाहायला आम्ही नंदुरबारला गेलो. ही पथारी. ओली लाल मिरची उघड्या रानावर पसरायची, उन्हात उलटीपालटी करायची, वाळली की देठ खुडायचे, मग पोती भरायची. उन्हाने रंग कसा गडद होत जातो, ते या 3 दिवसांच्या चित्रांत एकापाठोपाठ एक दिसेल. वाळलेली मिरची शीतगृहात महिनोन्‌महिने राहते. भाव पडला तर व्यापारी थांबू शकतो. त्याचा पुरवठा वक्र केळीसारखा उभा नसतो, तिरका होतो. साठवण आली की लवचीकता आली. फरक फळ आणि मिरचीत जेवढा, तेवढाच ज्याच्याकडे गोदाम आहे आणि ज्याच्याकडे नाही, त्या दोघांत आहे. अवकाळी पाऊस झाला तर ही सगळी पथारी काळी पडते.

(दृश्य: थंडीतली दुपार. शेतात कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ, त्यात वांगी.)

भरिताशिवाय खान्देशातली फिल्म पुरी होत नाही, आणि घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांतही. हिरवट, मोठी भरिताची वांगी जाळात टाकली आहेत. साल काळी होऊन फुटते, मग बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात ठेचायची, वर हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. वर्गातली 8-10 मुलं जेवायला बसली आहेत. पहिल्या भाकरीला कुणी बोलत नाही. दुसरीला गप्पा सुरू होतात. तिसरी अर्धी वाटून घेतात. चौथीला ताट सरकवतात. दर भाकरीगणिक मिळणारं समाधान, म्हणजे सीमांत उपयोगिता, कमी होतंय, एकूण समाधान मात्र अजून वाढतंय. चौथीपाशी ते वाढायचं थांबलं. सीमांत उपयोगिता शून्य, एकूण उपयोगिता कमाल. परीक्षेत यावर हमखास प्रश्न येतो.

मागणीचा विस्तार-संकोच आणि वृद्धी-ऱ्हास यांतला घोटाळाही याच शेतात सुटला. भाव उतरला म्हणून जास्त केळी खपली, तर आपण त्याच वक्रावर खाली आलो. हा विस्तार. रमजान आला, उपवासाचे दिवस आले, भाव तोच असून मागणी वाढली, तर सगळा वक्रच उजवीकडे सरकला. ही वृद्धी. मळ्याच्या मालकाच्या मुलीने काडीने मातीत दोन्ही आकृत्या काढून दाखवल्या. वरून घेतलेलं हे चित्र थोडं जास्त वेळ ठेवलं आहे.

कापूस वेचणीच्या दिवसांत वर्गातल्या मुली कमी होतात. एक निवडताना जे दुसरं सोडावं लागतं, तो संधी खर्च. एका दिवसाच्या तासांचा संधी खर्च म्हणजे त्या दिवसाची वेचणी. काहीजणी दुसऱ्या वर्षाला येत नाहीत.

(दृश्य: पुन्हा वर्ग. बाकावर जुनी, लाल पुठ्ठ्याची वही.)

पुढचं प्रकरण उत्पादन खर्चाचं. मुलीने वडिलांची वही आणली आहे. सर पानं उलटतात, मुलं रकाने पाडतात. ठिबकची नळी, स्थिर खर्च. रोपं, खत, कापणीची मजुरी, बदलता खर्च. वही जवळजवळ पूर्ण होते. मग ती विचारते, "सर, माझी आई रोज बागेत असते. तिची मजुरी यात कुठंच लिहिलेली नाही. ती कोणत्या रकान्यात घ्यायची?"

सर खडू उचलतात आणि फळ्यावर तिसरा रकाना आखतात.