ऐकू येतं, पण कळत नाही

तुमच्यापैकी जे ऑडिओलॉजी, म्हणजे श्रवणशास्त्र, शिकताहेत त्यांनी हे वाक्य ओपीडीत शंभरदा ऐकलं असेल. "ऐकू येतं हो, पण कळत नाही." मी मूळचा इलेक्ट्रॉनिक्सचा. कानावर पीएचडी करत होतो, तरी तिसरं वर्ष लागेपर्यंत हे वाक्य माझ्या कानावर पडलेलं नव्हतं! माझा कान म्हणजे स्क्रीनवरचं मॉडेल. त्याला घरी सून नव्हती, शेजारी लग्नाचा बँड नव्हता.

मग एक दिवस गाइडने एका सरकारी रुग्णालयात बसायला पाठवलं. साउंडप्रूफ खोलीत सत्तरीच्या एक आजी. बीप वाजला की बटण दाबायच्या, बऱ्यापैकी अचूक. ऑडिओग्राम, म्हणजे कोणता स्वर किती हळू वाजला तरी ऐकू येतो त्याचा आलेख, वयाच्या मानाने छान आला. नंतर ऑडिओलॉजिस्ट ताईंनी ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर पुठ्ठा धरला, मागे थोडा गोंगाट लावला आणि शब्द म्हणायला सुरुवात केली. 'काठी' म्हटलं, आजी म्हणाल्या 'पाटी'. 'खिडकी'ला 'फिरकी'. मग त्या चिडल्या. "मशीन म्हणतं बरं आहे, मग मला कळत का नाही?" ताईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मॉडेलमध्ये उत्तर नव्हतं.

त्या उत्तराचा एक तुकडा बॉस्टनमध्ये सापडला. कोणी शोधला यापेक्षा कुठे बसून शोधला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर हे कान-डोळ्यांचं रुग्णालय. त्याच्या आतच 1958 साली ईटन-पीबॉडी प्रयोगशाळा सुरू झाली. नेल्सन कियांग आणि सहकाऱ्यांनी तिथे मांजराच्या श्रवणतंतूंतला एकेक तंतू काय बोलतो ते नोंदलं. 1965चं त्यांचं पुस्तक या विषयाचा पाया मानलं जातं. शेजारी एमआयटीचे इंजिनिअर, खालच्या मजल्यांवर पेशंट. पुढे 1992 मध्ये हार्वर्ड आणि एमआयटी यांनी मिळून वाचा आणि श्रवण या विषयांचा पीएचडी कार्यक्रम काढला. त्यात सिग्नल प्रोसेसिंगवाल्याला शरीररचना शिकावी लागते, क्लिनिकमध्ये जाऊन उभं राहावं लागतं. अमेरिकेत सरकारी प्रशिक्षण अनुदान एकेका विद्यार्थ्यालाच नव्हे, तर संस्थेलाही मिळतं, आणि त्याच पैशात पीएचडीची मुलं आणि पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर संशोधन शिकणारे, दोघांनाही सामावून घेता येतं. पोस्टडॉकांमध्ये कोणी कान-नाक-घशाचा डॉक्टर, कोणी ऑडिओलॉजिस्ट. मग शिकवण दोन्ही बाजूंनी चालते: डॉक्टर पोराकडून कोड शिकतो, पोरगं डॉक्टरकडून पेशंट.

आपल्याकडे थिसिसवर दोन गाइडांची नावं छापली की 'संयुक्त' झालं. दोघांची गाठ थेट व्हायव्हालाच पडते. असो.

तर 2009, तीच बॉस्टनची प्रयोगशाळा. शेरन कुजावा मूळच्या ऑडिओलॉजिस्ट, चार्ल्स लिबरमन श्रवणतंतूंवर आयुष्य घातलेला माणूस. त्यांनी उंदरांना दोन तास 100 डेसिबलचा आवाज ऐकवला. ऐकण्याची पातळी घसरली, आणि दोनेक आठवड्यांत पूर्ववत झाली. एरवी इथे "तात्पुरतं होतं, बरं झालं" असा शेरा मारून फाइल बंद होते. यांनी कोक्लिया, म्हणजे आतल्या कानातला शंख, उघडून पाहिलं. आवाज टिपणाऱ्या रोमपेशी जागच्या जागी. पण त्या पेशी आणि श्रवणतंतू यांच्यामधले जोड, म्हणजे सायनॅप्स, वरच्या स्वरांच्या भागात निम्म्याच्या आसपास गेलेले, कायमचे.

मग ऑडिओग्रामला ते का दिसत नाही? रात्री वाड्यात कोणी शिरलं एवढं सांगायला एक राखणदार पुरतो. जत्रेत आपलं पोर शोधायचं तर माणसं लागतात. शांत खोलीतला बीप हे राखणदाराचं काम, गोंगाटातली 'काठी' हे जत्रेचं.

ऑडिओग्रामवर विसंबून न राहण्याची खोड क्लिनिकमधून आली, जोड मोजण्याचं कसब लॅबमधून. उलटं, म्हणजे जिवंत कान समोर नसल्याचं, उदाहरणही आहे. बेकेशी हा हंगेरीच्या टपाल खात्यातला टेलिफोन इंजिनिअर. त्याने मृतांच्या कानात आवाजाने उठून सरकत जाणारी लाट पाहिली, 1961चं नोबेल मिळवलं. पण मेलेल्या कानात लाटेला जोर देणाऱ्या रोमपेशी, म्हणजे कोक्लियातल्या बाहेरच्या रांगांतल्या, काम करत नाहीत, त्यामुळे जिवंत कान लाट किती टोकदार करतो हे त्याला दिसलंच नाही. 1978 मध्ये लंडनला डेव्हिड केम्प यांनी माणसाच्या कानातून बाहेर येणारा आवाज पकडला, तेव्हा कान स्वतः जोर लावतो याचा पुरावा हाती आला. आज नवजात बाळाच्या कानात तुम्ही जो छोटा प्रोब घालता, तो त्याच आवाजावर चालतो.

आजींचं काय झालं विचाराल. त्यांचे जोड गेले होते की मेंदूकडे जाणारी वाट थकली होती, मला सांगता येणार नाही. जिवंत माणसाच्या कानातले सायनॅप्स आजही थेट मोजता येत नाहीत. मरणोत्तर दान केलेल्या कानांच्या हाडांतच ते दिसतात. ताईंनी त्यांच्या सुनेला बोलावलं आणि सांगितलं, बोलताना समोर या, आधी टीव्ही बंद करा. मी त्या दिवशी वहीत तेवढंच लिहून घेतलं.

प्रश्नांना दहा मिनिटं आहेत. मागच्या रांगेतल्यांनी माइक मागून घ्या. हा हॉल फार घुमतो, आणि ऐन विशीत मी गणपतीत डीजेसमोर पाच वर्षं नाचलोय.