पासपोर्टवरचा ‘लेट’

श्रोतेहो, नमस्कार.

भारतीय पासपोर्टच्या आतल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावाने एक इंग्रजी विनंती छापलेली असते: धारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ जाऊ द्यावे. शाळेत शिकलेला ‘लेट’ म्हणजे ‘करू देणे’. तो अर्थ इथे लावला तर विनंतीच उलटी होते. हा ‘लेट’ म्हणजे अडथळा. प्राचीन इंग्रजीत हे दोन निराळे शब्द होते. पुढे त्यांचे रूप एक झाले आणि अडवणारा ‘लेट’ बोलण्यातून जाऊन मुख्यतः कायद्याच्या भाषेत उरला. शेक्सपिअरचा हॅम्लेट मात्र, मित्र त्याची वाट अडवतात तेव्हा, हाच शब्द वापरून त्यांना धमकावतो.

जुने इंग्रजी वाचताना खरी फसगत होते ती अशा ओळखीच्या शब्दांमुळे, कारण अनोळखी शब्द दिसला की आपण कोश उघडतो; ओळखीच्या शब्दाची शंकाही येत नाही. शेक्सपिअरचा ‘प्रेझेंटली’ बहुधा ‘ताबडतोब’ असतो. ‘व्हेअरफोर’ म्हणजे ‘का’. सज्ज्यातली ज्युलिएट रोमिओ कुठे आहे असे विचारत नाही. तू रोमिओच, म्हणजे वैऱ्याच्या घराण्यातलाच, का असावास, असा तिचा प्रश्न आहे.

‘दाउ’च्या बाबतीत मराठी वाचक, माझ्या मते, इंग्रजांपेक्षा सुदैवी आहे. १६११च्या इंग्रजी बायबलात देवाला ‘दाउ’ म्हटले आहे, म्हणून आजच्या इंग्रजाला तो शब्द भारदस्त वाटतो. वास्तविक तो एकेरी ‘तू’ आहे, आणि विठ्ठलाला ‘तू’ म्हणणाऱ्यांना त्यातली जवळीक समजावून सांगावी लागत नाही. नाटकातले पात्र ‘यू’ सोडून ‘दाउ’वर येते तेव्हा तिथे प्रेम तरी उफाळलेले असते, नाहीतर राग, ती जागा आपल्या कानाला चटकन कळते.

कठीण शब्दांच्या याद्या पाठ करण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. शब्द वाक्यासकट आणि सालासकट टिपावा. ऑक्सफर्डचा मोठा कोश याच तत्त्वावर रचला गेला: संपादक जेम्स मरे यांनी १८७९मध्ये वाचकांना आवाहन केले आणि असंख्य लोकांनी जुन्या पुस्तकांतली वाक्ये चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवली. पहिला भाग १८८४मध्ये निघाला, काम संपले १९२८मध्ये. मरे १९१५मध्येच वारले होते. त्या कोशात प्रत्येक अर्थाखाली वाक्ये कालक्रमाने दिलेली असल्यामुळे अर्थ कधी वळला ते दिसते.

सरावासाठी घरातले एखादे इंग्रजी खरेदीखतही पुरेल. त्यातल्या ‘विटनेसेथ’चा, म्हणजे ‘साक्ष देते’ या अर्थाच्या क्रियापदाचा, ‘एथ’ हा प्रत्यय रोजच्या बोलण्यातून सतराव्या शतकातच मागे पडला होता. आपले वकील तो अजून टाइप करून घेतात.