खिडकीचे हँडल बदलण्यापूर्वी

खिडकीचे हँडल सहसा आपण होऊन तुटत नाही. झडप बिजागरीतून खाली उतरलेली असते, पावसाने लाकूड फुगलेले असते, किंवा सरकत्या खिडकीचे बेअरिंग झिजून लॉकचा आकडा समोरच्या खाचेपर्यंत पोहोचत नसतो. अशा वेळी आपण नाइलाजाने जोर लावतो, तो सगळा हँडलच्या बारीक मानेवर येतो आणि एके दिवशी दांडा हातात राहतो. मग तो दांडा पिशवीत टाकून आपण हार्डवेअरच्या दुकानात जातो, त्याच्यासारखा दुसरा आणून बसवतो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढतो. म्हणून आज मला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे की, हँडलची निवड खिडकीपाशी उभे राहून करायची असते. दुकानात फक्त खरेदी करायची.

खिडकीची तपासणी अवघड नाही. बाहेर उघडणारी झडप अर्धी उघडावी आणि हँडलच्या बाजूने हलकेच वर उचलून पाहावी. ती दोन-तीन मिलिमीटर उचलली गेली, तर बिजागरीचे स्क्रू सैल झाले आहेत, किंवा यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लॅस्टिकची, खिडकी असेल तर झडपेला तोलून धरणारा फ्रिक्शन स्टे झिजला आहे, असे समजावे. सरकत्या खिडकीची झडप लॉक न लावता चौकटीला भिडवावी आणि उभी फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते पाहावे. फट तिरकी दिसली तर एका बाजूचे बेअरिंग खाली बसले आहे आणि कितीही महागाचे लॉक आणले तरी ते खाचेत नीट शिरणार नाही. लाकडी झडप कुठे अडते हे डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा कागदाची पट्टी झडप आणि चौकट यांच्यामधून फिरवावी. पट्टी जिथे दाबली जाते तिथेच घासणूक आहे. मात्र आषाढ-श्रावणात अडणारी झडप लगेच रंधून टाकण्याची घाई करू नये. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते, तंतूंच्या दिशेने जवळजवळ नाही. त्यामुळे झडप रुंदीत अडते आणि मार्च-एप्रिलपर्यंत सुकून पुन्हा आपल्या मापावर येते. भर पावसात रंधलेल्या झडपेच्या कडेने उन्हाळ्यात डास बिनदिक्कत आत येतात.

आता मापांकडे वळू. आपल्याकडे हार्डवेअरच्या बाजारात आजही सुताचे माप चालते. एका इंचाची आठ सुते, म्हणजे एक सूत साधारण ३.२ मिलिमीटर. लाकडी खिडकीच्या कडीला आणि टॉवर बोल्टला हे माप पुरेसे आहे, कारण तिथे अर्धे सूत इकडचे तिकडे झाले तरी सुतार पटाशीने जमवून घेतो. यूपीव्हीसीच्या खिडकीत मात्र हे चालत नाही. तिच्या हँडलच्या दोन स्क्रूंमधले अंतर मध्यापासून मध्यापर्यंत बहुतेक ४३ मिलिमीटर असते आणि हँडलमागून झडपेत शिरणारी चौकोनी दांडी, जिला दुकानदार स्पिंडल म्हणतात, ती ७ मिलिमीटरची असते. ही मापे युरोपातील पद्धतीची आहेत. सुताच्या हिशेबात ४३ मिलिमीटर म्हणजे एक इंच साडेपाच सूत, आणि तोंडी सांगताना त्या साडेपाचाचे पाच किंवा सहा कधी होतात ते कोणालाच कळत नाही. तेव्हा मिलिमीटरची पट्टी घेऊनच मोजावे आणि जुने हँडल नमुना म्हणून बरोबर न्यावे. दरवाजाच्या हँडलची दांडी बहुधा ८ मिलिमीटरची असते. ती कानशीने घासून ७ची करून देण्याची तयारी काही दुकानदार दाखवतात. ती सूचना नम्रपणे नाकारावी, कारण हाताने घासलेल्या दांडीच्या चारही बाजू सारख्या राहत नाहीत आणि झडपेच्या आतील यंत्रणेचे चौकोनी छिद्र काही महिन्यांत गोल होऊ लागते.

दांडीची लांबी हा सर्वाधिक दुर्लक्षित मुद्दा आहे. ती हँडलच्या बैठकीच्या पाठीपासून दांडीच्या टोकापर्यंत मोजायची. लांब दांडी आत जाऊन टेकली तर हँडलची बैठक झडपेला चिकटत नाही आणि मागे फट राहते. अशी दांडी हॅक्सॉने कापून, कापलेली कड घासून घेता येते. आखूड दांडी अधिक घातक असते, कारण ती यंत्रणेच्या छिद्रात जेमतेम टोकाने पकडते, सुरुवातीला काम करते आणि नंतर एकदम फिरू लागते. दुकानात दोन लांबी उपलब्ध असतील आणि जुनी नेमकी मिळत नसेल, तर लांब घ्यावी. काही हँडलांच्या मानेला वाक असतो आणि त्यांत डावे-उजवे असा भेद असतो. तो नेहमी घराच्या आतून पाहून ठरवावा.

सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडकीत चंद्रकोरीच्या आकाराचे लॉक असते किंवा झडपेच्या सेक्शनमध्ये, म्हणजे तिच्या पोकळ धातूच्या पट्टीत, कापलेल्या लांबट खाचेत बसवलेले टच लॉक असते. दुसऱ्या प्रकारात नव्या लॉकची बैठक जुन्या खाचेपेक्षा थोडी मोठी असेल तर कानशीने खाच वाढवता येते. लहान असेल तर काहीही करता येत नाही. लाकडी खिडकीबद्दल वेगळे सांगण्यासारखे फारसे नाही. कडी, कोयंडा आणि बोल्ट कोणत्याही गावात मिळतात. दक्षिण मुंबईत १९३०-४०च्या दशकांतील इमारतींत लोखंडी चौकटीच्या खिडक्या अजून टिकून आहेत. त्यांतील काही इमारती २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या परिसरात येतात. या खिडक्यांची पितळी हँडले झिजतात ती बहुधा मधल्या पिनेपाशी. अशा वेळी लेथवाल्याकडून नवी पिन करून घ्यावी. आजच्या बाजारातले चकचकीत हँडल त्या खिडकीवर लावणे मला तरी रुचत नाही, आणि ते त्या जुन्या हँडलइतके टिकेल याचीही खात्री नाही.

हँडल कशाचे घ्यावे, हे घर कुठे आहे यावर अवलंबून असते. बाजारातील बहुतेक चमकदार हँडले जस्ताच्या मिश्रधातूची असतात. जस्तात सुमारे चार टक्के अ‍ॅल्युमिनियम मिसळून ती साच्यात ओततात आणि वर क्रोमचा किंवा पावडर कोटिंगचा थर देतात. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशा कोरड्या हवेच्या शहरांत ती चांगली चालतात. अलिबाग, रत्नागिरी, मालवण किंवा पणजीला समुद्रासमोर घर असेल, तर क्रोमच्या सूक्ष्म भेगांतून खारी हवा आत शिरते, आधी पांढरे ठिपके दिसू लागतात आणि मग थर फुगून सुटतो. तिथे स्टेनलेस स्टील घ्यावे, पण त्याचीही जात विचारून घ्यावी. ३०४ या जातीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये त्याखेरीज दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असल्यामुळे ते मिठाला अधिक तोंड देते. स्वस्त मालात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेली २०२ ही जात चालते आणि ती किनाऱ्यावर लवकर तांबूस पडते. दुकानदार लोहचुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही’ असे दाखवतो, परंतु २०२सुद्धा चुंबकाला धड चिकटत नाही. म्हणजे या परीक्षेने लोखंड ओळखू येते, जात नव्हे. पितळ लाकडावर शोभते आणि टिकतेही, मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या सेक्शनवर पितळी हँडल लावू नये. दोन धातूंमध्ये ओलावा आला की अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते आणि स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमते.

हँडल वापरणाऱ्याच्या हाताचाही विचार झाला पाहिजे. आपल्या स्वयंपाकघरांत खिडकी बहुधा ओट्याच्या पलीकडे असते, ओटा दोन फूट खोल असतो आणि त्यावर शेगडी पेटलेली असते. तिथे झडपेच्या वरच्या भागात लहानसे हँडल असेल, तर उंची कमी असलेल्या बाईला पेटत्या शेगडीवरून वाकूनच खिडकी उघडावी लागते. जागा बदलता येत नसेल तर निदान लांब दांड्याचे हँडल निवडावे. ज्यांच्या बोटांचे सांधे दुखतात त्यांना फिरवायच्या गोल मुठीपेक्षा खाली दाबायचा दांडा सोपा जातो. लहान मुले असलेल्या घरात, विशेषतः वरच्या मजल्यावर, किल्लीचे हँडल घ्यावे. मात्र किल्ली मुलांच्या हाताला लागणार नाही आणि मोठ्या माणसाला अंधारातही सापडेल अशा एकाच ठरावीक जागी टांगावी, कारण आग लागली तर त्याच खिडकीतून श्वास घ्यायचा असतो.

आता प्रत्यक्ष बसवणे. यूपीव्हीसीच्या खिडकीचे हँडल उघड्या स्थितीत, म्हणजे आडवे आणावे आणि झडप किंचित उघडी ठेवावी. बैठकीवरचे प्लॅस्टिकचे झाकण नव्वद अंश फिरवले की खाली दोन स्क्रू दिसतात. ते काढताना हँडल दुसऱ्या हाताने धरावे. उंच मजल्यावर बाहेर वाकून काहीही करू नये, या कामात त्याची गरजच नसते. हँडल निघाल्यावर जुनी दांडी छिद्रात घालून फिरवून पाहावी. झडपेच्या कडेला असलेली पट्टी आणि तिच्यावरच्या गोल डोक्याच्या खुंट्या अडखळत सरकत असतील, तर दोष आतल्या गिअरचा आहे आणि नवे हँडल त्याचा बळी ठरेल. सर्व सुरळीत असेल तर नवे हँडलही आडव्या स्थितीत आणून बसवावे आणि दोन्ही स्क्रू आलटून पालटून, हाताच्या स्क्रू ड्रायव्हरने आवळावेत. ड्रिल मशीनने आवळलेला स्क्रू एका झटक्यात आटे खातो. जुन्यापेक्षा लांब स्क्रू वापरण्याचा मोह टाळावा. तो आतल्या यंत्रणेला टेकून हँडल जड करतो. यानंतर झडप उघडी असतानाच हँडल पाच-सहा वेळा पूर्ण फिरवावे. बंद खिडकीत गिअर अडकला तर तो सोडवणे फार जिकिरीचे होते.

लाकडात जुनी भोके मोठी झाली असतील तर सागाची बारीक खुंटी फेव्हिकॉल लावून ठोकावी, रात्रभर सुकू द्यावी, पटाशीने सपाट करावी आणि मगच नवे भोक पाडावे. आगकाड्या कोंबणे हा तात्पुरता इलाज आहे. पितळी स्क्रू मऊ असतो आणि टणक सागात सरळ पिळला तर त्याचे डोके तुटून आटे आत राहतात. म्हणून जाणता सुतार आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू मेण किंवा साबण लावून आत घालतो, तो काढतो आणि तयार झालेल्या वाटेत पितळी स्क्रू बसवतो. वेळ थोडा जास्त जातो, पण काम पाहण्यासारखे होते. अ‍ॅल्युमिनियमचा सेक्शन जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचा असल्यामुळे त्यातले आटे एकदा गेले की एक नंबर जाड स्क्रू एकदाच चालतो. पुढच्या वेळी फॅब्रिकेटरकडून रिव्हेट नट, म्हणजे पत्र्यात पक्का बसणारा आट्यांचा नट, बसवून घ्यावा.

राहता राहिले तेल. कुरकुरणाऱ्या हँडलात खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडण्याची सवय घरोघरी आहे. खोबरेल तेल चोवीस अंशांच्या आसपास गोठते. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी ते गिअरमध्ये तुपासारखे बसते, धूळ धरते आणि हँडल आधीपेक्षा जड होते. शिलाई मशीनचे तेल वापरावे, तेही जुनी धूळ कोरड्या ब्रशने काढल्यावर, वर्षातून दोनदा: एकदा पावसाळ्याआधी मे महिन्यात आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत. किल्लीच्या हँडलात तेल घालू नये. तिथे शिसपेन्सिलीच्या टोकाची पूड किल्लीला चोळून किल्ली चार वेळा फिरवली की पुरते.