कळलावी

पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारांवर, झुडपांच्या आधाराने वर चढलेली ही वेल फुलते तेव्हा तिच्या सहाही पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहतात, आणि आरंभी हिरवट-पिवळा असलेला त्यांचा रंग काही दिवसांत लालभडक होतो. हिला वेगळे तणावे नसतात; पानाचे निमुळते टोकच शेजारच्या फांदीला वेटोळे घालते.

संस्कृतात ही अग्निशिखा, तर नांगरासारख्या कंदामुळे लांगली. मराठीने मात्र रूपापेक्षा गुण पाहिला. अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून या कंदाचा लेप लावण्याचा प्रघात होता, म्हणून ही कळलावी. ती घरात आणल्यास भांडणे लागतात, असाही समज आहे. तो बहुधा नावावरूनच रुजला असावा.

आयुर्वेदाने हिची गणना उपविषांत केली, आणि ती योग्यच म्हणावी लागेल. वेलीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन नावाचे द्रव्य असते. पेशीच्या आतील सूक्ष्म नलिकांची बांधणी ते रोखते. त्यामुळे सांध्यातील युरिक आम्लाच्या स्फटिकांकडे धावणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात आणि गाउटची सूज ओसरते. पण विभाजनासाठीही पेशीला याच नलिका लागतात. म्हणूनच रताळे समजून हा कंद खाल्लेल्या माणसाला काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, पुढे अस्थिमज्जेचे काम थंडावते, आणि जो वाचतो त्याचे केस एक-दोन आठवड्यांनी गळू लागतात. औषध आणि विष यांत येथे फरक आहे तो केवळ मात्रेचा, आणि कंद उगाळून ती मात्रा ठरवता येत नाही. अमेरिकेत 2023 मध्ये हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी कोल्चिसिनला मान्यता मिळाली, ती दिवसाला अवघ्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीला.

तमिळनाडूचे हे राज्यफूल तेथील करूर, दिंडिगुल या भागांत शेतातही वाढवले जाते. औषधनिर्मितीसाठी बी विकले जाते. फुलातील परागवाहिनी काटकोनात बाहेर वळलेली असल्याने परागकण आपोआप तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचतात, म्हणून बहराच्या दिवसांत शेतकरी सकाळी ओळीओळीने फिरून प्रत्येक फुलाला हाताने पराग लावतात.