फळीवरची दोन इंच गादी

मित्रहो, साठी ओलांडलेल्यांना रेल्वेचा तो जुना दुसरा वर्ग आठवत असेल. झोपायला नुसती लाकडी फळी. उशाला पिशवी घ्यायची, अंगाखाली चादर घडी करून घालायची, तरी सकाळी पाठीवर फळ्यांचे वळ उठलेलेच. माझ्या आईची कंबर दुखायची, ती रात्रभर बसूनच असायची.

1977 साली जनता सरकारात प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्या फळीवर दोन इंच फोम घालायचं ठरलं. समाजवाद म्हणजे काय, हे मला या दोन इंचांनी समजावलं. पहिल्या वर्गाच्या गाद्या काढून घ्या, असं ते म्हणाले नाहीत. वरच्याला खाली ओढायचं नाही, खालच्याला वर न्यायचं, ही त्यांची भूमिका. त्याच वर्षी 26 डिसेंबरला मुंबई–हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. सगळ्या डब्यांना एकच वर्ग. गाडीत पहिला वर्ग ठेवलाच नाही!

हा माणूस मूळचा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. डॉ. आंबेडकरांच्या सोसायटीच्या सिद्धार्थ महाविद्यालयात शिकवायचे. बेचाळीसच्या चळवळीतून आलेले, पंचावन्नच्या गोवा सत्याग्रहात उतरलेले. मार्क्स त्यांनी मनापासून वाचला, पण गांधींना सोडलं नाही. विषमता मोडायची तर लोकशाहीच्याच वाटेने, यावर ते ठाम होते. त्याची किंमतही मोजली. आणीबाणीत ते बंगळुरूच्या तुरुंगात आणि प्रमिलाताई येरवड्यात. नवरा-बायकोचा संसार त्या काळात पत्रांवर चालला.

तुरुंगातून सुटलेला हा माणूस थेट रेल्वे भवनात गेला आणि 1974 च्या संपात ज्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या त्या कामगारांना त्याने परत कामावर घेतलं. फोमची गोष्ट सगळे सांगतात, ही फारसं कुणी सांगत नाही. मला ती जास्त मोलाची वाटते. नोकरी गेलेल्या गँगमनच्या घरी तीन वर्षं चूल कशी पेटली असेल, याचा विचार करा.

आता आपल्या कोकणाकडे येतो. राजापूर मतदारसंघाने त्यांना 1971 पासून सलग पाच वेळा लोकसभेत पाठवलं. कोकण रेल्वेसाठी ते वर्षानुवर्षं संसदेत बोलत राहिले. 1990 साली योग जुळला: हे अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. अर्थसंकल्पातून एवढा पैसा एकदम निघणार नव्हता, म्हणून त्याच जुलैत स्वतंत्र महामंडळ उभं राहिलं. भागभांडवलात केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, गोवा आणि केरळचे सहा-सहा, आणि बाकीचा पैसा रोख्यांतून. महामंडळाचे प्रमुख, अभियंते ई. श्रीधरन कामाला लागले. डोंगर पोखरले जाऊ लागले, नद्यांवर पुलांचे खांब चढू लागले.

आणि 1991 साली आपण त्यांना पाडलं. आपण म्हणतो, कारण त्या मतदारांत मीही होतो आणि त्या दिवशी मी मतदानालाच गेलो नव्हतो. दंडवते काय, निवडून येणारच, असं धरून घरी बसलो. ती चुटपुट अजून गेलेली नाही.

26 जानेवारी 1998 ला रोह्यापासून मंगळुरूपर्यंतचा मार्ग सलग खुला झाला. पुढच्या गणपतीला मी मुंबईहून रात्रीच्या गाडीने आलो, दुसऱ्या वर्गाने. समोरच्या बर्थवर एक म्हातारी आजी गाढ झोपली होती. कणकवली येईपर्यंत तिला जाग आली नाही.